बैठकीला लागलेला माणूस

अलिबागेहून दक्षिणेस निघालेला रस्ता आक्षी, नागाव आणि चौल ही गावे मागे टाकीत, नारळी-पोफळीच्या आगरांतून वळणे घेत रेवदंड्याच्या जुन्या पोर्तुगीज तटबंदीत शिरतो. त्या साऱ्या पट्ट्यात आणि खाडी ओलांडून पुढे मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या कोळीवाड्यांत व आगरी वस्त्यांत एक वाक्प्रचार पुष्कळ वर्षांपासून रूढ आहे. मुलीसाठी स्थळ पाहावयास आलेली मंडळी मुलाच्या मिळकतीची आणि घरादाराची चौकशी आटोपल्यावर आवाज किंचित खाली आणून शेजाऱ्याला त्याच्या पिण्याविषयी विचारतात, तेव्हा शेजारी एवढेच म्हणतो, "नाय, ते घर बैठकीला लागलंय." प्रश्न तेथेच संपतो. माणूस बैठकीला लागला असे न म्हणता घर बैठकीला लागले असे म्हणण्याची जी लकब या किनाऱ्याला आपोआप सुचली आहे, तिच्यात व्यसनमुक्तीच्या शास्त्राला बऱ्याच उशिरा उमगलेली एक गोष्ट दडलेली आहे, आणि या प्रकरणात मला तिच्याविषयीच लिहावयाचे आहे.

ही बैठक म्हणजे समर्थ रामदासांच्या दासबोधाचे साप्ताहिक निरूपण. रेवदंड्याचे नारायण विष्णु तथा नानासाहेब धर्माधिकारी (१९२२–२००८) यांनी १९४३च्या विजयादशमीस मुंबईतील गोरेगाव येथे पहिली बैठक भरविली. या घराण्याचे मूळ आडनाव शांडिल्य. आंग्र्यांच्या अमलात धर्मजागृतीचे काम पूर्वजांकडे आले आणि त्यावरून धर्माधिकारी हे नाव पडले, असे सांगतात. नानासाहेबांना मरणोत्तर महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्यात आला, त्यांचे पुत्र आप्पासाहेब यांना २०१७ साली पद्मश्री मिळाली, आणि रेवदंडा हे या संप्रदायाचे केंद्र राहिले. ग्रंथाचे नातेही याच रायगड जिल्ह्याशी आहे. महाड तालुक्यातील शिवथरघळीत समर्थांनी सांगावे आणि कल्याणस्वामींनी लिहून घ्यावे अशा रीतीने वीस दशक, दोनशे समास आणि ७,७५१ ओव्यांचा हा ग्रंथ सिद्ध झाला, अशी परंपरा आहे. बैठकीत दक्षिणा नाही, प्रसादाचा थाट नाही; पुरुषांची बैठक वेगळी, स्त्रियांची वेगळी, मुलांची वेगळी, आणि ठरल्या वारी, ठरल्या वेळी येऊन जमिनीवर मांडी घालून ऐकावयाचे, एवढाच विधी.

दारू या किनाऱ्यावर बाहेरून आली असे म्हणता येणार नाही. आगरांतील माडांची माडी काढणे हा भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा होता, आणि १८७८च्या अबकारी कायद्याने सरकारने झाडांवरील कर व मक्त्याचे हिशेब करकचून आवळले तेव्हा त्या धंद्याचे जुने स्वरूप पालटत गेले. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टी खाजणांत आणि डोंगरांच्या कुशीत शिरली. शिवाय समुद्रावरचे जिणे असे की चार-पाच दिवस ओल्या अंगाने, अर्धवट झोपेत डोलीची जाळी ओढणाऱ्या खलाशाला बंदरावर उतरताक्षणी काहीतरी ऊबदार पोटात जावे असे वाटणे मानवी आहे. लग्न, हळद, होळी आणि नारळी पौर्णिमा ही निमित्ते तर वर्षभर असतातच. म्हणून येथे दारू सोडणे म्हणजे केवळ एक पेय सोडणे होत नाही, तर संध्याकाळची सोबत, हळदीतले स्थान आणि बंदरावरची मैत्री एकदम सोडणे होते, आणि एवढी मोठी रिकामी जागा नुसत्या निश्चयाने भरून निघत नाही.

व्यसनी माणसाला उपदेशाचे अप्रूप नसते. बायको, आई, मेहुणा, मुलांचे गुरुजी, दवाखान्यातील डॉक्टर आणि क्वचित पोलीस ठाण्याचा हवालदार, असे सारे जग त्याला वर्षानुवर्षे उपदेश करीत आलेले असते, आणि त्या प्रत्येक उपदेशात बोट त्याच्याकडे रोखलेले असल्यामुळे ऐकता ऐकताच तो मनातल्या मनात आपला बचाव रचू लागतो. बैठकीत नेमके हे बोट नसते. निरूपण चाललेले असते नरदेहाच्या मोलाविषयी, मूर्खाच्या लक्षणांविषयी, प्रपंचातल्या फजितीविषयी. ते चालू असते सर्वांसाठी, आणि हा आपला चौथ्या-पाचव्या रांगेत, दोन्हीकडे गुडघ्याला गुडघा लागलेला, कोणाच्या नजरेत न भरता बसलेला असतो. एखादा समास त्याच्या घरचीच हकीकत सांगतो आहे असे त्याला वाटते खरे, पण ते त्याचे त्यालाच वाटलेले असते, कोणी त्याच्या माथी मारलेले नसते. नवविधा भक्तीत समर्थांनी श्रवणाला पहिले स्थान दिले ते परंपरेस अनुसरून. परंतु ज्या मनाची बोलण्याची, कबुली देण्याची, रडण्याची देखील शक्ती सरलेली आहे, त्याला पहिल्या दिवशी साधण्याजोगी भक्ती श्रवणाचीच होय, हे मला या किनाऱ्यावरील माणसांकडे पाहून अधिक पटत गेले. बैठकीहून तो घरी येतो तेव्हा त्याच आठवड्यात बायकोनेही तिच्या बैठकीत काही ऐकलेले असते आणि मुलांनी त्यांच्या. ज्या घरात वर्षानुवर्षे शिवीगाळ आणि अबोला या दोनच भाषा शिल्लक राहिल्या होत्या, त्या घराला एक तिसरी, सर्वांना ठाऊक असलेली आणि कोणाचाही अपमान न करणारी भाषा मिळते.

हे घडते कसे, याचे उत्तर केवळ अध्यात्मात शोधण्याचे कारण नाही. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य सुखापेक्षाही सुखाच्या चाहुलीशी अधिक निगडित असते. ज्या वेळी, ज्या वाटेवर, ज्या माणसांबरोबर नशा केली, ती वेळ, वाट आणि माणसे पुढे स्वतःच तल्लफ उठवू लागतात. १९७१ साली व्हिएतनाममधून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या विदुषीने केलेला अभ्यास याबाबत प्रसिद्ध आहे. तेथे हेरॉइनच्या पुरत्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेले सुमारे ५ टक्के आणि तीन वर्षांत १२ टक्केच निघाले, कारण ती जंगले, ते सोबती आणि ती भीती हे सारे मागे राहिले होते. आमच्या खलाशाला मात्र मागे टाकण्यास दुसरा मुलूख नसतो. त्याचे बंदर तेच, वाटणी होते ती जागा तीच, आणि दिवेलागणीला गुत्त्यावरून जाणारी वाटही तीच. त्याला जागा बदलता येत नाही तेव्हा निदान वेळ बदलावी लागते, आणि आठवड्यातील त्या एका संध्याकाळी त्याच घटकेला एक आसन त्याची वाट पाहत असते. तो न गेल्यास "काल दिसला नाहीस" असे विचारणारा कोणीतरी दुसऱ्या दिवशी भेटतोच.

येथे एक इशारा कळकळीने द्यावासा वाटतो. श्रद्धेने मनाला वळण लागते, तथापि शरीराचा कायदा वेगळा आहे. बारा-पंधरा वर्षे रोज पिणारा माणूस देवापुढे शपथ घेऊन एका रात्रीत दारू तोडतो, घरची मंडळी नवस फेडावयास निघतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागतात, फेफरे येते, नसलेले लोक दिसू लागतात, तो भिंतीवरच्या अदृश्य किड्यांना झटकू लागतो. घरच्यांना ते बाहेरचे वाटते, अंगारा लावला जातो, आणि ज्या अवस्थेत रुग्णालयातील उपचाराने सहज वाचता आले असते तीत माणूस प्राणास मुकू शकतो. गर्दची, म्हणजे अशुद्ध हेरॉइनची, गोष्ट याहून भिन्न आहे. तिच्या तुटीला गर्दुल्ले 'टर्की' म्हणतात. नाक-डोळे वाहतात, हाडे ठणकतात, जुलाब होतात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ही टर्की बहुधा जीव घेत नाही, मात्र त्यानंतरचा काळ घेतो, कारण काही आठवडे सुटलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि मोह होऊन त्याने पूर्वीचीच मात्रा घेतली तर श्वास थांबतो. तिसरा प्रकार नकळत औषध देण्याचा. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर रंगविलेल्या आपण पाहतोच. दारूला विरोध करणारे औषध डाळीत कालवून दिलेला माणूस वर दारू प्याला तर त्याचा रक्तदाब कोसळू शकतो, आणि तो वाचलाच तर घरच्या अन्नावरचा त्याचा विश्वास कायमचा उडतो. १६ एप्रिल २०२३ रोजी याच जिल्ह्यात, खारघर येथे, आप्पासाहेबांना महाराष्ट्रभूषण अर्पण करण्याच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी चौदा जणांचा उष्माघाताने अंत झाला, ही दुःखद घटना रायगडकर विसरलेले नाहीत. निष्ठा कितीही अढळ असली तरी देहाची तजवीज वेगळी करावी लागते.

आता घराकडे वळू. खाडीकाठच्या एका वस्तीतील घर माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. माणूस खलाशी, बायको सुके बोंबील आणि जवळा टोपलीत घालून बाजाराला बसणारी, सोबत म्हातारी आई आणि दोन मुले. नाखव्याकडून हंगामाच्या आरंभी घेतलेली उचल पावसाळा संपण्यापूर्वीच गुत्त्यावर जाई, आणि ती फिटत नसल्याने पुढल्या हंगामालाही तोच नाखवा आणि तीच होडी त्याच्या नशिबी येई. बायको आपली कमाई जवळ्याच्या डब्यात, वासात हात घालण्याचा कंटाळा येईल अशा बेताने तळाशी दडवीत असे, आणि तो तेथूनही काढीत असे. होडी निघण्याच्या पहाटे तो उठला नाही की म्हातारी नाखव्याच्या दारी जाऊन पोराला ताप आहे म्हणून सांगे. गुत्तेवाल्याची उधारी ती आपल्या कानातले मोडून भागवी. शेजाऱ्यांनी विचारले तर अंगावरचे वळ जेटीवर घसरून पडल्याचे असत. यातील प्रत्येक कृत्य मायेचे होते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, आणि त्या प्रत्येक कृत्याने त्याचे पिणे आणखी काही महिने सुरक्षित केले, याबद्दलही नाही. आपल्याकडे याला पांघरूण घालणे म्हणतात. ज्याला हुडहुडी भरली आहे त्याच्यावर पांघरूण घालावे हे खरे, पण येथे त्या पांघरुणाखाली आग धुमसत होती.

एके पहाटे नाखव्याचा माणूस दाराशी आला तेव्हा सासूच्या आधी सून बाहेर आली आणि म्हणाली, "आजारी नाय तो. पिऊन परलाय." एवढे बोलून ती आत गेली आणि चुलीपाशी बसून थरथर कापत राहिली, असे तिनेच मला सांगितले. सासूने त्या दिवशी तिच्या हातचा चहा घेतला नाही. नाखव्याने होडीवर दुसरा खलाशी घेतला आणि उचल थांबविली. आणि आठ दिवसांनी घरात पैसा नाही, बंदरावर काम नाही, खोटे सांगणारेही कोणी उरलेले नाही, अशा अवस्थेत तो माणूस प्रथमच आपल्या पायांनी डॉक्टरकडे गेला. बायकोने त्याला टाकले नव्हते. ती त्याच्याबरोबर गेली होती, रांगेत तीच उभी राहिली होती, त्या पंधरवड्यात त्याचे पथ्यपाणी तिनेच केले होते. तिने फक्त खोटे बोलणे सोडले होते.

हा भेद शिकविण्याची सोय महाराष्ट्रात प्रथम ज्यांनी मोठ्या आस्थेने केली त्यांत पुण्याच्या मुक्तांगणचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. गर्दने मुंबई-पुण्याची तरुण पोरे गिळावयास आरंभ केला होता त्या काळात अनिल अवचटांनी त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, तेथेच मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांच्या देखरेखीखाली हे केंद्र उघडले. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार, आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले समुपदेशक, ही त्याची वैशिष्ट्ये सर्वश्रुत आहेत. मला मात्र त्याहूनही मोलाचा वाटतो तो 'सहचरी' हा पत्नींचा गट. नवरा सुधारो वा न सुधारो, तुमचे आयुष्य त्याच्या बाटलीला बांधलेले नाही, हे त्या स्त्रियांना एकमेकींच्या तोंडून ऐकावयास मिळते. येथेही पुन्हा श्रवणच आहे.

घरच्यांना शिकविण्याने काय साधते याचे एक प्रमाण अमेरिकेतील न्यू मेक्सिकोचे आहे. जी माणसे उपचाराला साफ नकार देत होती त्यांच्या १३० आप्तांना तीन निरनिराळ्या पद्धतींनी मार्गदर्शन करून १९९९ साली फलित प्रसिद्ध झाले. अलिप्त राहून स्वतःला सावरावयास शिकविणाऱ्या पद्धतीत १३ टक्के व्यसनी उपचारास आले, सर्वांनी मिळून व्यसन्याला समोरासमोर जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्के, आणि ज्या पद्धतीत शुद्धीवर असताना त्याच्याशी गोडीने वागावे, प्यालेला असताना बाजूला व्हावे, त्याच्या चुकांचे परिणाम त्याला भोगू द्यावेत आणि योग्य क्षणी उपचाराचा विषय काढावा असे घरच्यांना शिकविले तीत ६४ टक्के. पहिल्या पद्धतीचे उद्दिष्ट मुळी व्यसन्याला उपचारास आणणे हे नव्हतेच, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही त्या खाडीकाठच्या सुनेने कोणतेही पुस्तक न वाचता जे केले ते तिसऱ्या पद्धतीच्या किती निकट होते, हे पाहून मन थक्क होते.

श्रद्धा म्हणजे बैठकच असे मात्र कोणी समजू नये. वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ हेही एक जाहीर हमीपत्रच असते. माळ घातलेल्या माणसाला हळदीत कोणी पेला पुढे करीत नाही, आणि नाही म्हणण्याचे कष्ट त्याच्या वतीने ती माळ घेते. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांनी एकमेकांना सावरता सावरता जी चळवळ उभी केली, त्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतही स्वतःहून मोठ्या शक्तीला शरण जाणे आहे. ती शक्ती कोणती, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असल्याने नास्तिकालाही तेथे जागा मिळते, आणि कित्येक जण त्या समूहालाच ती शक्ती मानतात. कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली विल्सनला लिहिलेल्या पत्रात लक्षात आणून दिले होते की लॅटिन भाषेत मद्याला आणि आत्म्याला शब्द एकच आहे. दारूची ओढ ही मुळात पूर्णत्वाची तहान असून ती चुकीच्या पाणवठ्यावर गेली आहे, असा त्यांचा भावार्थ होता. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारातून फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशनचे काम सुरू केले, आणि अय्यंगारांचे शिष्य असल्याने त्यांनी प्रार्थनेला योगासनांची जोड दिली. मुरूड-श्रीवर्धनच्या मुसलमान मोहल्ल्यांत धर्मानेच मद्य निषिद्ध असल्यामुळे व्यसन जडलेल्याच्या घराला लपविण्याचा मोह अधिक होतो, त्या घरांना दूषण देण्यापेक्षा त्यांच्यासाठी गुप्ततेची हमी देणारे दार उघडे ठेवणे अगत्याचे आहे.

कारण काळ पालटला आहे. २०२३च्या पावसाळ्यात, ऑगस्टअखेरीस, श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या परिसरात चरसाच्या थैल्या लाटांबरोबर वाहत आल्या आणि पोलिसांनी किनारा पिंजून काढला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात खोपोलीनजीक मेफेड्रोन, म्हणजे पोरांच्या भाषेत 'एमडी', बनविणारा कारखाना पकडला गेला. ज्या पिढीच्या बापांची दारू बैठकीने सुटली तिच्या मुलांसमोर आता ही पूड आहे. तिला वास नाही, ती घेतल्याने पाय लटपटत नाहीत, आणि आईला ती पुष्कळ काळ कळतच नाही. पोलिसांच्या भीतीने घरचे गप्प बसतात, म्हणून येथे कायद्याची एक बाजू सांगून ठेवतो. १९८५च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातील ६४-अ या कलमानुसार, अल्प प्रमाणातील अंमली पदार्थाचा किंवा स्वतःच्या सेवनाचा आरोप असलेल्या व्यसन्याने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊन ते पूर्ण केल्यास त्याला त्या आरोपाच्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. १४४४६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क मदतक्रमांकही आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांमागे केवळ एकाला काहीतरी उपचार वा मदत मिळाल्याचे आढळले होते. उरलेले सदतीस जण कोणाच्या ना कोणाच्या घरीच आहेत.

त्या खाडीकाठच्या घरातील माणसाला दारू सोडून आता चौदा महिने झाले. मध्ये एकदा, शिमग्याला, तो घसरला. बायकोने दुसऱ्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे नेले आणि त्या आठवड्यातही तो बैठकीला गेला, शेवटच्या रांगेत बसला. नारळी पौर्णिमेनंतर तो पुन्हा होडीवर जाऊ लागला आहे. उचल घेत नाही, आणि वाटणी बायकोच्या हाती येते. म्हातारीची एक सवय मात्र सुटलेली नाही. मध्यरात्री केव्हातरी ती उठते, भिंतीला धरून धरून त्याच्या अंथरुणापाशी येते आणि वाकून त्याच्या तोंडाचा वास घेते. त्याला हे ठाऊक आहे. आईची पावले जवळ आली की तो जागा असला तरी डोळे मिटून पडून राहतो, आणि तिला नीट कळावे म्हणून तोंड उघडून एक लांब श्वास सोडतो.